आकृतीच्या अटी आधी, कंस नंतर

दहावीचा पेपर देऊन आलेल्या पोराला सांगा, "आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे, रुंदी काढ." हात आपोआप चालतो. क्ष मानला, समीकरण मांडलं, अवयव पाडले, −१२ खोडलं, "रुंदी ऋण नसते" हे वाक्य लिहिलं, ५ च्या खाली दोन रेघा ओढल्या, झालं. आता त्याच उदाहरणात "क्षेत्रफळ किमान ६०" करा. हात पुन्हा ५ वर येऊन थांबतो. "किमान"चं काय केलं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "५ आलं ना जी सर."

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, अकरावी विज्ञानला जाणाऱ्या मुलांसोबत उन्हाळ्यात ही वर्ग-असमानतेची (क्ष² आहे, पण = ऐवजी ≥ किंवा ≤ आहे अशी) शाब्दिक उदाहरणं घेतो, ती आजूबाजूच्या वावरांतून उचललेली असतात. हौस म्हणून नव्हे. पुस्तकातल्या आयताला कसलीच अडचण नसते, क्ष वाटेल तेवढा वाढला तरी त्याचं काही बिघडत नाही. वावरात नाल्याचा काठ कुठेतरी संपतो, धुरा (बांध) शेजाऱ्याच्या हद्दीला लागतो, खड्ड्याचा तळ शून्याखाली जाऊ शकत नाही. वर्ग-असमानतेची निम्मी उत्तरं याच गोष्टींनी ठरतात आणि पोरं नेमक्या त्याच सोडतात. म्हणून पहिला नियम: आकृती काढली की क्षेत्रफळाला हात लावायच्या आधी प्रत्येक बाजू शून्यापेक्षा मोठी असल्याच्या अटी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लिहायच्या आणि त्याभोवती चौकट करायची. शेवटी उत्तर त्या चौकटीतून गाळून घ्यायचं.

नाल्याकाठचं कुंपण

सुरुवात याच उदाहरणाने करतो, कारण बहुतेक सगळ्या चुका यात एकदा तरी होतात. नाल्याच्या काठाला लागून भाजीपाल्यासाठी आयताकृती तुकडा घेरायचा आहे. नाल्याकडची बाजू मोकळी, बाकी तीन बाजूंना कुंपण. कुंपणाची एकूण लांबी १२० मीटर. आतलं क्षेत्रफळ किमान १६०० चौरस मीटर हवं. नाल्याला काटकोनात असलेली बाजू किती ठेवता येईल?

गणिताआधीच एक वाद उभा राहतो. घरी कुंपण केलेलं एखादं पोट्टं म्हणतं, १२० मीटर तारेत एवढं होतच नाही. त्याचं खरं आहे. चार पदरी काटेरी तार ओढायची तर १२० मीटरला ४८० मीटर तार जाते, शिवाय खांबाला गुंडाळायची वेगळी. म्हणून उदाहरणात "तार" असा शब्द न घालता "कुंपणाची लांबी" असंच लिहावं.

मग क्ष कोणाला म्हणायचं? जी बाजू दोनदा येते तिला. नाल्याला काटकोनातल्या बाजू दोन आहेत, त्या प्रत्येकी क्ष, म्हणून समांतर बाजू १२० − २क्ष. उलट धरलं, म्हणजे समांतर बाजूला क्ष म्हटलं, तर काटकोनातली बाजू (१२० − क्ष)/२ होते. उत्तर तेच येतं, पण छेद अंगावर येतो आणि छेद घालवताना चिन्हाची गडबड होते.

चौकटीत: क्ष > ०, आणि १२० − २क्ष > ० म्हणजे क्ष < ६०.

आता क्षेत्रफळ:

क्ष(१२० − २क्ष) ≥ १६००

इथे दोन वाटा फुटतात. बरीच पोरं सगळं डावीकडे आणतात, −२क्ष² + १२०क्ष − १६०० ≥ ०, मग −२ ने भागतात आणि चिन्ह उलटायला विसरतात. नियम सगळ्यांना पाठ असतो, ऋण संख्येने भागलं की ≥ चं ≤ होतं, पण भागाकाराच्या घाईत तो सुटतो. त्यापेक्षा भागायची वेळच येऊ देऊ नये. क्ष² चा सहगुणक ज्या बाजूला धन राहील त्या बाजूला सगळी पदं न्यावीत:

० ≥ २क्ष² − १२०क्ष + १६००

आता २ ने भागा, २ धन आहे, चिन्हाला धक्का नाही:

क्ष² − ६०क्ष + ८०० ≤ ०
(क्ष − २०)(क्ष − ४०) ≤ ०

इथे फळ्यावर हमखास दिसणारी ओळ: "क्ष ≤ २० किंवा क्ष ≤ ४०". ही समीकरणाची सवय आहे. गुणाकार शून्य असेल तर दोनपैकी एक कंस शून्य असतो, हे बरोबर. पण गुणाकार ऋण असायला एक कंस धन आणि दुसरा ऋण लागतो, दोन्हींना एकाच दिशेने तोडून चालत नाही. वाद न घालता क्ष = १० ठेवायला सांगावं. "क्ष ≤ २०" मध्ये १० बसतो. तुकडा झाला १० बाय १००, क्षेत्रफळ १०००. सहाशे कमी पडले.

संख्यारेषेवर २० आणि ४० ला भरीव ठिपके द्या, कारण ≤ मध्ये बरोबरी चालते. ० आणि ६० ला पोकळ ठिपके, कारण तिथे आयतच उरत नाही. तीन तुकडे झाले; प्रत्येकातली एक सोपी संख्या घ्या. १० ला क्षेत्रफळ १०००, ३० ला १८००, ५० ला पुन्हा १०००. म्हणजे २० ≤ क्ष ≤ ४०. आलेखाच्या कागदावर अन्वस्त काढण्यापेक्षा ही तपासणी वर्गात जास्त कामी येते. १०००, १६००, १८००, १६००, १००० हे आकडे एकाखाली एक लिहिले की चढ-उतार डोळ्यांनाच दिसतो.

इथवर आलं की पेन खाली ठेवायची घाई असते, पण या तुकड्याला नाल्याचा काठ फक्त ६० मीटर मिळतो, त्यापुढे शेजाऱ्याचा धुरा. ही ओळ उदाहरणात मुद्दाम शेवटी टाकायची. समांतर बाजू ६० पेक्षा जास्त चालणार नाही: १२० − २क्ष ≤ ६०, म्हणून क्ष ≥ ३०. आता उत्तर ३० ≤ क्ष ≤ ४०. अर्धा पट्टा एका साध्या रेषीय अटीने कापला. आणि खांब दर ३ मीटरवर, कोपऱ्यात खांब यायलाच हवा, असं म्हटलं तर क्ष ला ३ ने भाग जावा लागेल. उरतात ३०, ३३, ३६, ३९. समांतर बाजू अनुक्रमे ६०, ५४, ४८, ४२, त्यांनाही ३ ने भाग जातो. खांब किती? १२० भागिले ३ म्हणजे ४० असं पटकन उत्तर येतं. एक बाजू मोकळी आहे, ४० अंतरांना ४१ खांब लागतात. चारही बाजू बंद असत्या तर ४० पुरले असते.

याच आकृतीवर मागणी वाढवून पाहा. किमान १८०० हवं म्हटलं तर क्ष² − ६०क्ष + ९०० ≤ ०, म्हणजे (क्ष − ३०)² ≤ ०. वर्ग ऋण होत नाही, म्हणून एकच उत्तर, ३०. किमान २००० म्हटलं तर क्ष² − ६०क्ष + १००० ≤ ०, विवेचक (मुळं वास्तव आहेत का ते सांगणारी राशी) ३६०० − ४००० = −४००. इथे पोरं मागे जाऊन बेरजा तपासायला लागतात, कारण "मुळं वास्तव नाहीत" म्हणजे आपलंच काही चुकलं असं दहावीत मनात बसलेलं असतं. काही चुकलेलं नाही. १२० मीटर कुंपणात, एक बाजू मोकळी सोडून, २००० चौरस मीटर आयत घेरता येत नाही, हेच उत्तर, आणि ते शब्दांत लिहायचं. उलट "२००० पेक्षा कमी" असं विचारलं असतं तर तोच −४०० सांगतो की ० ते ६० मधला प्रत्येक क्ष चालतो. विवेचक ऋण आला म्हणून डोळे मिटून "उत्तर नाही" लिहिणाऱ्याचे इथे गुण जातात. असमानतेचं तोंड कुठे आहे ते पाहावंच लागतं.

फाटक घातलं की आकडे गुळगुळीत राहत नाहीत, आणि ते बरंच आहे. समांतर बाजूत ४ मीटरचं फाटक, त्याला कुंपण लागत नाही. मग समांतर बाजू १२४ − २क्ष. (१२० − २क्ष − ४ लिहिणारे निघतात. फाटकाने बाजू लांबते. कुंपण तेवढंच राहतं.) काठाची अट क्षणभर बाजूला ठेवली तर क्ष² − ६२क्ष + ८०० ≤ ०. अवयव पडत नाहीत. इथे सूत्रापेक्षा पूर्ण वर्ग बरा:

(क्ष − ३१)² ≤ १६१

याचा अर्थ सरळ वाचता येतो: क्ष हा ३१ पासून दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त √१६१, म्हणजे सुमारे १२.६९ इतकाच दूर जाऊ शकतो. नुसतं "क्ष − ३१ ≤ १२.६९" लिहिलं की खालची बाजू हरवते, ही चूक सर्रास होते. पट्टा आला १८.३१ ते ४३.६९. आता एका दशांशापर्यंत उत्तर द्यायचं. सवयीने लिहिलं जातं १८.३ आणि ४३.७. दोन्ही चूक! १८.३ × ८७.४ = १५९९.४२, ४३.७ × ३६.६ हेही तेवढंच. अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा आकडा, खाली असेल तर मागचा, हा नियम मोजमापाला ठीक आहे. असमानतेत पट्ट्याची टोकं आतल्या बाजूला ढकलायची: १८.४ ते ४३.६. तिथे क्षेत्रफळ १६०४.४८ येतं, अट पाळली जाते.

एककांचंही इथेच उरकून घ्यावं. आमच्याकडे जागा गुंठ्यात बोलतात, टेप फुटाचा असतो आणि उदाहरण मीटरमध्ये. १६०० चौरस मीटर म्हणजे किती गुंठे? १६०० ला ३.२८ ने गुणून ५२४८ चौरस फूट काढणारे बरेच. लांबीचा गुणक क्षेत्रफळाला लावला. १०.७६४ ने गुणायला हवं: सुमारे १७,२२२ चौरस फूट, भागिले १०८९ (एका गुंठ्याचे चौरस फूट), म्हणजे पावणेसोळा गुंठ्यांच्या किंचित वर. चुकीच्या रीतीने पाच गुंठेही भरत नाहीत. नुसतं डोळ्यांनी पाहिलं तरी कळावं, ४० बाय ४० मीटरचं वावर पाच गुंठ्यांचं नसतं.

सोडलेला पट्टा

४० बाय ३० मीटरचं वावर. चारही धुऱ्यांलगत आतून सारख्या रुंदीचा पट्टा बंडी आणि ट्रॅक्टर वळवायला सोडायचा. पेरणीखाली किमान ८७५ चौरस मीटर राहिलं पाहिजे. पट्टा किती रुंद सोडता येईल?

आतल्या आयताच्या बाजू ४० − २क्ष आणि ३० − २क्ष. चौकटीतली अट लहान बाजूवरून: क्ष < १५.

१२०० − १४०क्ष + ४क्ष² ≥ ८७५
४क्ष² − १४०क्ष + ३२५ ≥ ०

मुळं (१४० ± १२०)/८, म्हणजे २.५ आणि ३२.५. क्ष² धन आणि चिन्ह ≥, म्हणून मुळांच्या बाहेरचा भाग: क्ष ≤ २.५ किंवा क्ष ≥ ३२.५.

हे उदाहरण आम्ही निवडतो ते दुसऱ्या भागासाठी. दोन्ही मुळं धन आहेत, दहावीची "ऋण मूळ खोडा" ही युक्ती इथे काहीच खोडत नाही. हुशार मुलगी ३३ ठेवून तपासते: (४० − ६६)(३० − ६६) = (−२६)(−३६) = ९३६. ८७५ पेक्षा जास्त! "मग काहून नाही चालत जी?" प्रश्न अगदी रास्त. बीजगणिताला दोन ऋण बाजूंचा गुणाकार धन दिसतो, ते पसंती देऊन मोकळं होतं. वावराला उणे सव्वीस मीटर बाजू नसते. असमानतेत क्षेत्रफळ आलं की हा धोका कायम असतो, कारण क्षेत्रफळ गुणाकारातून येतं आणि दोन ऋण मिळून तो लपवतात. क्ष < १५ ही अट आधी लिहिलेली असेल तर ३२.५ पुढचा तुकडा क्षणात गळतो. नंतर लिहायला बसलं तर ती सुचतही नाही, कारण ९३६ डोळ्यांपुढे उभं असतं. उत्तर ० < क्ष ≤ २.५.

याच उदाहरणात ४० − क्ष आणि ३० − क्ष लिहिणारे असतातच. त्यांचं गणित क्ष² − ७०क्ष + ३२५ ≥ ० असं होतं आणि उत्तर क्ष ≤ ५ येतं, बरोबर दुप्पट. उत्तर नेमकं दुप्पट आलं की चूक कुठे आहे ते वही न उघडता सांगता येतं: दोन्ही धुऱ्यांचा मिळून पट्टा काढला आहे. फळ्यावर पाच वेळा सांगून हे जात नाही. अंगणात चार खुंट्या ठोकून दोरीचा आयत करावा, प्रत्येक खुंटीपासून दोन्ही दिशांना दोन-दोन पावलं आत दुसरी खुंटी ठोकावी आणि एका बाजूची आतली दोरी टेपने मोजायला लावावी. चार पावलं कमी भरतात, ते हाताने मोजलं की पुढच्या वेळी २क्ष आपसूक लिहिला जातो.

पट्टा बाहेरून असेल तर चिन्ह बदलतं. ४० बाय ३० च्या अंगणाभोवती बाहेरून क्ष रुंदीची फरशी, अंगण धरून एकूण क्षेत्रफळ १४९६ चौरस मीटरच्या आत हवं: (४० + २क्ष)(३० + २क्ष) ≤ १४९६, म्हणजे क्ष² + ३५क्ष − ७४ ≤ ०. मधला सहगुणक विषम, पूर्ण वर्ग करायला गेलं तर ३५/२ येतो आणि अपूर्णांकांचा पसारा होतो. इथे जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत सोयीची पडते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये आपल्या बीजगणितात ती श्रीधरांच्याच नावाने उद्धृत केली आहे: सगळ्याला क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा.

४क्ष² + १४०क्ष ≤ २९६
(२क्ष + ३५)² ≤ २९६ + १२२५ = १५२१ = ३९²

२क्ष + ३५ धनच आहे, म्हणून २क्ष + ३५ ≤ ३९, क्ष ≤ २. अपूर्णांक कुठेच आला नाही.

हीच रीत पूर्णांकांच्या उदाहरणात आणखी शोभते. संत्र्याची लागवड ६ बाय ६ मीटरवर केली तर हेक्टरी २७७ झाडं बसतात (१०,००० भागिले ३६). २७७ कलमं आहेत, आयताकृती बाग लावायची, प्रत्येक ओळीत ओळींच्या संख्येपेक्षा ५ झाडं जास्त. जास्तीत जास्त किती ओळी? न(न + ५) ≤ २७७, म्हणून (२न + ५)² ≤ ११०८ + २५ = ११३३. आता वर्गमूळ काढायचीही गरज नाही. ३३ चा वर्ग १०८९, हा आकडा इथल्या पोरांना गुंठ्यामुळे झोपेतही सांगता येतो, आणि ३४ चा ११५६. २न + ५ पूर्णांकच असणार, म्हणून तो ३३ पर्यंत, न ≤ १४. चौदा ओळी, ओळीत १९, एकूण २६६ झाडं. अकरा कलमं नांग्या भरायला (मेलेल्या झाडांच्या जागी लावायला) उरली. न चं मूळ १४.३३ येतं, इथे खालीच यायचं, मूळ १४.९ आलं असतं तरी १४ च.

शेततळं

इथे वर्ग-असमानता घनफळातून येते आणि पोरांना ती जवळची वाटते, कारण गावात एखादं तरी शेततळं पाहिलेलं असतं. २०१६ च्या मागेल त्याला शेततळे योजनेत १५ × १५ × ३ मीटरपासून ३० × ३० × ३ मीटरपर्यंतचे आकार होते. ही मापं माथ्याची. तळ लहान असतो, कारण बाजू उतरत्या असतात.

माथा क्ष × क्ष, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १:१. म्हणजे एक मीटर खाली गेलं की बाजू एक मीटर आत. तीन मीटर खोलीला दोन्हीकडून तीन-तीन, तळाची बाजू क्ष − ६. मध्यावर, दीड मीटर खोलीला, क्ष − ३. चौकटीत: क्ष > ६, नाहीतर तळ उरत नाही, बाजू तळाआधीच एकमेकींना भिडतात.

घनफळ काढायला माथ्याचं क्षेत्रफळ, मध्यावरच्या क्षेत्रफळाची चौपट आणि तळाचं क्षेत्रफळ यांची बेरीज करून खोलीने गुणायचं आणि ६ ने भागायचं:

(३/६)[क्ष² + ४(क्ष − ३)² + (क्ष − ६)²] = ३क्ष² − १८क्ष + ३६

तपासा: क्ष = ३० ठेवलं की २१९६ घनमीटर, क्ष = १५ ला ४४१.

आता शेतकऱ्याला किमान १५०० घनमीटर, म्हणजे १५ लाख लिटर साठा हवा. ३ ने भागून:

क्ष² − ६क्ष + १२ ≥ ५००
(क्ष − ३)² ≥ ४९७

√४९७ सुमारे २२.२९. आता चिन्ह ≥ आहे, ३ पासून किमान इतकं दूर असायला हवं: क्ष ≥ २५.२९ किंवा क्ष ≤ −१९.२९. कुंपणाचं उदाहरण नुकतं झालेलं असल्याने इथे निम्मा वर्ग दोन मुळांच्या मधला पट्टा लिहितो. त्यांना क्ष = १० ठेवायला सांगायचं: ३०० − १८० + ३६ = १५६ घनमीटर. पुढे काही बोलावं लागत नाही. ऋण तुकडा चौकटीने गेला, उरलं क्ष ≥ २५.२९. किमान मागितलं आहे, म्हणून वरच्या बाजूला सरकायचं: २५.३ मीटर. २५ धरलं तर १४६१, एकोणचाळीस घनमीटर कमी.

उतार विसरून खड्डा पेटीसारखा धरला तर काय होतं ते करूनच दाखवावं. ३क्ष² ≥ १५०० म्हणजे क्ष ≥ २२.३६, २२.४ मीटरचा माथा. खऱ्या सूत्रात २२.४ ठेवलं की ११३८ घनमीटर. साडेतीनशेहून जास्त घनमीटर पाणी कागदावरच राहिलं. दुसरी चूक सौम्य असते: माथा आणि तळ यांच्या क्षेत्रफळांची सरासरी गुणिले खोली. त्यातून ३क्ष² − १८क्ष + ५४ येतं. नुसती मधली बाजू घेऊन ३(क्ष − ३)² केलं तर ३क्ष² − १८क्ष + २७. तिन्ही राशी एकाखाली एक लिहिल्या की दिसतं, फरक फक्त शेवटच्या पदात आहे: ५४, ३६, २७. म्हणजे सरासरीने तळं कितीही मोठं असो, नेमके १८ घनमीटर जास्त दिसतात. मधल्या बाजूने ९ कमी. एखाद्याला हे पटत नाही, तो ३० ठेवतो, मग १५ ठेवतो आणि दोन्ही वेळा १८ च येतात.

माती ढासळू नये म्हणून उतार अधिक सपाट, १:१.५, ठेवावा लागला तर तळ क्ष − ९ आणि घनफळ ३क्ष² − २७क्ष + ८१. त्याच १५०० साठी (२क्ष − ९)² ≥ १९७३, क्ष ≥ २६.७१, म्हणजे २६.८ मीटर. दीड मीटर जास्त माथा. चौकटीतली अटही बदलते, क्ष > ९. उतार बदलला की घनफळ पोरं नव्याने मांडतात, चौकट मात्र जुनीच ठेवतात. इथे त्याने उत्तर बिघडत नाही, पण खोली जास्त आणि माथा लहान अशा उदाहरणात बिघडतं.

गुण्या आणि विशालकोन

शेवटचा प्रकार क्षेत्रफळाचा नाही, म्हणून तो वेगळा घेतो. घराचा पाया आखताना मिस्त्री कोपऱ्यातून एका दोरीवर ६ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ८ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरपं अंतर १० भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे म्हणतो. १० च्या वर भरलं तर कोपरा उघडा, कमी भरलं तर दबलेला. हेच असमानतेत: सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग बाकी दोन वर्गांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल तर त्रिकोण विशालकोन.

क्ष, क्ष + २, क्ष + ४ बाजूंचा त्रिकोण विशालकोन व्हायला क्ष किती?

क्ष² + (क्ष + २)² < (क्ष + ४)²
क्ष² − ४क्ष − १२ < ०
(क्ष − ६)(क्ष + २) < ०, म्हणून −२ < क्ष < ६

ऋण भाग खोडून ० < क्ष < ६ लिहिलं जातं आणि सगळे समाधानी होतात. क्ष = १ घ्या: १, ३, ५ च्या काड्या. खराट्याच्या तीन काड्या तोडून जुळवायला दिल्या तर एक आणि तीनची टोकं पाचावर भेटतच नाहीत. बाजू धन असणं पुरेसं नाही. कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी हवी: क्ष + क्ष + २ > क्ष + ४, म्हणजे क्ष > २. क्ष = २ ला २, ४, ६ या काड्या एका रेषेत आडव्या पडतात, त्रिकोण मिटतो, म्हणून इथेही पोकळ ठिपका. खरं उत्तर २ < क्ष < ६. पूर्णांक हवे असतील तर ३, ४, ५, म्हणजे ३-५-७, ४-६-८ आणि ५-७-९. यांतल्या ३-५-७ मध्ये मोठ्या बाजूसमोरचा कोन नेमका १२० अंशांचा निघतो, कोनमापकाने मोजता येतो. क्ष = ६ ला मिस्त्रीचाच ६-८-१० येतो.

पुढचा सराव म्हणून बाजूंमधला फरक बदलून द्यावा. फरक ३ असेल तर क्ष² − ६क्ष − २७ < ०, त्रिकोणाची अट क्ष > ३, उत्तर ३ < क्ष < ९. फरक ५ ला ५ < क्ष < १५. दोन-तीन उदाहरणं झाली की कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणतं, सर, हे तर फरक आणि फरकाची तिप्पट यांच्या मधलंच येतं. मग फरकाला द म्हणून एकदा मांडायला लावायचं: क्ष² − २दक्ष − ३द² < ०, (क्ष − ३द)(क्ष + द) < ०, चौकटीतून क्ष > द. वरचं टोक ३द ला बाजू ३द, ४द, ५द होतात, तिथे कोपरा गुण्यात येतो.